सण चालू आहे

नलवड्यांच्या सुनांची पाळी विजयाबाईंच्या मोबाइलात राहायची. भिशीची तारीख, पाण्याच्या टँकरची तारीख आणि सुनांची तारीख, सगळं एका ठिकाणी. थोरली सून प्रांजल त्यांच्याबरोबर कोल्हापुरातच, संभाजीनगर भागातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायची. धाकटी केतकी नवऱ्याबरोबर पुण्यात. दोघींच्या डाव्या हातात ‘ऋतुवेध’ नावाचं कंकण होतं आणि दोन्ही कंकणं विजयाबाईंच्या कुटुंब-खात्याला जोडलेली होती. कुटुंबप्रमुख म्हणून अंगठा त्यांचा.

कंकण दिसायला झकास होतं. बाहेरून सोन्याचं पाणी, आतल्या बाजूला केसाहून बारीक सुयांची रांग. त्या सुया टोचायच्या नाहीत, नुसत्या कातडीखालचा ओलावा टिपायच्या आणि त्यातली संप्रेरकं मोजायच्या. पूर्वी ज्याच्यासाठी प्रयोगशाळेत जाऊन रक्त द्यावं लागे, ते आता भाजी चिरता चिरता होत होतं. सुरुवातीला ते मूल हवं असणाऱ्यांसाठी निघालं. बाईच्या पोटात बीजं किती उरलीत आणि किती वर्षं पुरतील, हे ते सांगायचं. बघता बघता स्थळांच्या माहितीत उंची आणि रंगाच्या खाली ‘ऋतुवेध : उत्तम’ अशी एक ओळ यायला लागली आणि त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

मग कंपनीतल्या कुण्या हुशार माणसाला शोध लागला की कंकण घालते सून, पण मोबाइल बघते सासू. त्यानं ‘सण-नियोजन’ काढलं. सणाची तारीख घातली की कंकण हिशेब करी, सुनेची अडचण त्या दिवशी येणार असेल तर पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांची पट्टी आठ दिवस आधी दारात हजर होई, आणि मोबाइलवर एक छोटं कमळ उमलून खाली अक्षरं येत : सण चालू आहे.

विजयाबाईंना हे फार आवडलं. त्यांच्या घरात गौरी, नवरात्र, लक्ष्मीपूजन, मार्गशीर्षातले गुरुवार, रथसप्तमी, चैत्रगौर, वटपौर्णिमा, श्रावणातले शुक्रवार असं सगळं रीतसर व्हायचं. स्वतःच्या तरुणपणी ऐन गौरीत बाजूला बसावं लागलं म्हणून त्यांनी सासूचं खूप ऐकून घेतलं होतं. ते सुनांना ऐकावं लागू नये, हा त्यांचा हेतू खरा होता. पण हेतू चांगला असला की माणूस यंत्राचं बटण फार जोरात दाबतो. त्यांनी सण-नियोजन एकदा चालू केलं ते तीन वर्षं बंदच केलं नाही. सारखं चालू-बंद कोण करत बसणार? सण तर येतच राहतात.

प्रांजल तेहतीस वर्षांची होती तेव्हा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात ती काम करायची. बायकोचं काम, आईचं काम, सुनेचं काम आणि गिअरचं काम यात गिअरचं तिला सगळ्यात सोपं वाटे, कारण तिथं माप ठरलेलं असतं. पाळी मागंपुढं व्हायला लागली तेव्हा तिनं मानलं, गोळीनं होत असेल. दोन-दोन महिने येईनाशी झाली तेव्हाही गोळीच. पुढं बंदच झाली, तेव्हा खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. विजयाबाई तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कौतुकानं सांगायच्या, आमच्या प्रांजलला देवाच्या कामात कधी अडचण येत नाही, देवीच सांभाळून घेते तिला.

देवी सांभाळत होती आणि अंगातून वाफा निघत होत्या. एकाएकी छातीपासून कानापर्यंत कुणीतरी गरम तव्याची आच द्यावी तशी लाट यायची, ब्लाउज पाठीला चिकटायचा आणि पाच मिनिटांत थंडी वाजायची. झोप उडाली. सांधे धरले. रात्री रणधीरनं जवळ घेतलं की दुखायचं, आणि दुखतं म्हणून सांगितलं की तो पाठ फिरवायचा. कंकणाच्या मदत-क्रमांकावरच्या गोड आवाजाच्या यंत्रानं, ज्याचं नाव सखी होतं, तिला ताण कमी घ्यायला सांगितलं. नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइड बघितलं, ते नीट निघालं, मग एमआयडीसीतली उष्णता म्हणाले. रणधीर म्हणाला, हल्ली तुला काही बोलायची सोय नाही. हे मात्र खरं होतं.

तिसऱ्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी, सोवळ्यात धुतलेल्या ओल्या फरशीवरून पुरणाची परात नेताना प्रांजलचा पाय सरकला. पडली म्हणजे काय, बसल्यासारखी पडली. हात टेकला एवढंच. लहान पोरं दिवसातून दहादा अशी पडतात. पण मनगटातून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला आणि कंकण हाताच्या भलत्याच बाजूला दिसायला लागलं.

विजयाबाईंनी आधी परात उचलली. नैवेद्य खाली सांडला नव्हता. मग त्यांनी सुनेला उचललं.

हाडांच्या डॉक्टरांनी कंकण कापून काढलं, प्लास्टर घातलं, आणि पडद्यावरचा फोटो बघत बसले. परत एकदा वय विचारलं. छत्तीस म्हटल्यावर त्यांनी पाठीचाही फोटो काढायला लावला. पाठीतला एक मणका समोरून चेपला होता, कधी चेपला ते तिला कळलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे हाड साठीच्या बाईचं आहे, तुम्ही डॉक्टर मुजावरांना दाखवा.

डॉक्टर बिल्किस मुजावर संप्रेरकांच्या डॉक्टर. मिरजेहून आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला यायच्या. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या, आणि पेशंट बोलत असताना संगणकाकडं न बघणाऱ्या. रणधीरला सुटी नव्हती म्हणून विजयाबाई बरोबर आल्या होत्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कंकणाची माहिती मागितली. ती कुटुंबप्रमुखाच्या परवानगीशिवाय उघडत नव्हती. एक बाई स्वतःच्या रक्तातला आकडा बघायला सासूच्या अंगठ्याची वाट बघत बसली होती, आणि त्या खोलीत तेव्हा ते एकट्या डॉक्टरांनाच विचित्र वाटलं. विजयाबाईंनी रेशन दुकानात द्यावा तसा अंगठा दिला.

पडद्यावर एक लाल रेघ आली. डावीकडून निघाली ती चढतच गेली होती. तिच्यावरून सगळीकडं एक करडा पट्टा ओढलेला होता, इतका रुंद की रेघ नीट बघायला डॉक्टरांना तो बाजूला काढावा लागला. पट्ट्यावर लिहिलं होतं : सण चालू आहे.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मुलगी जन्माला येते तेव्हाच आयुष्यभराची बीजं बीजांडात, म्हणजे अंडाशयात, घेऊन येते, पुढं त्यात भर पडत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती दर महिन्याला बीजांडाला हाक मारते, की एक बीज तयार कर. बीजांड ओ देतं, म्हणजे इस्ट्रोजेन सोडतं. ते पोहोचलं की ग्रंथी गप्प बसते. पण बीजांड थकलं, ओ येईना, की ग्रंथी आवाज चढवते. जितकं बीजांड गप्प तितकी हाक मोठी. ही लाल रेघ म्हणजे ती हाक. साधारण पंचेचाळिशी-पन्नाशीत प्रत्येकीचं हे व्हायचंच. चाळिशीच्या आत झालं तर मात्र तो आजार असतो. शंभरातल्या एखादीला तरी होतो. त्याला औषध असतं.

“ही रेघ तीन वर्षं ओरडतेय,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग कंकण बोललं का नाही?” प्रांजलनं विचारलं.

डॉक्टरांनी करड्या पट्ट्यावर बोट ठेवलं. पाळी पुढं ढकलायच्या गोळीनं संप्रेरकांची मापं बिघडतात, म्हणून त्या दिवसांतले आकडे धरायचे नाहीत, आणि गोळी थांबल्यावरही दीड महिना धरायचे नाहीत, असं कंकणाला शिकवलेलं होतं. शिकवणाऱ्या इंजिनिअरनं वर्षाला दोन सण धरले असावेत. दीड महिना संपायच्या आत इथं पुढचा सण उभा होता, आणि पट्टा कधी उठलाच नाही. गंमत म्हणजे, डॉक्टर म्हणाल्या, त्या गोळीनं ही रेघ खाली यायला हवी होती. खाली यायची ती वर जातेय, हे बघून तरी कुणालाही शंका यायला हवी. पण बघायचंच नाही असं ठरवलेलं होतं.

प्रांजलला मणक्याचं विचारायचं होतं. डॉक्टरांनी तेही सांगितलं. हाड म्हणजे दगड नव्हे, चालू काम आहे. एक टोळी रोज थोडं फोडते, दुसरी रोज थोडं भरते. इस्ट्रोजेन हा फोडणाऱ्यांवरचा मुकादम. मुकादम गेला की फोडणारे मोकाट सुटतात. काळजाच्या रक्तवाहिन्यांचंही तसंच काहीसं. म्हणून जे शरीरात बनत नाही ते बाहेरून द्यायचं. पोटावर चिकटवायची पट्टी, आणि महिन्यातले बारा-चौदा दिवस रात्री एक गोळी. पन्नाशीपर्यंत. रक्त एकदा पुन्हा तपासू, खात्री करू, पण थांबायचं कारण नाही. वाफा जातील, झोप येईल, हाड धरेल.

“आणि पाळी?” विजयाबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“येईल की परत. दर महिन्याला.”

विजयाबाईंचा चेहरा असा झाला, जणू डॉक्टरांनी काहीतरी अशुभ सांगितलंय. पाळी न येता हे औषध घ्यायची काही पद्धत नाही का, त्यांनी विचारलं. आहे, डॉक्टर म्हणाल्या, पण पुढं, काही वर्षांनी. अजून बीजांड मधूनच जागं होतंय, आत्ता तसं केलं तर रोज कधीही थेंबथेंब जात राहील. ते तर आणखीच अवघड, असं विजयाबाई पुटपुटल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

घरी आल्यावर प्रांजलनं कंपनीला फोन लावला. सखीनं तीनदा शुभ दिवस म्हटल्यावर एक खराखुरा माणूस आला. त्यानं शांतपणे ऐकलं, दिलगिरी व्यक्त केली, आणि सण-नियोजन घेताना खाली अटी लिहिलेल्या असतात, त्या कुटुंबप्रमुखांनी मान्य केलेल्या आहेत, हे सांगितलं. प्रांजलनं विचारलं, की तुमच्या यंत्राला दिसत होतं आणि तुम्ही झाकून ठेवलंत, याला काय म्हणायचं? तो म्हणाला, झाकलं नाही मॅडम, फक्त दाखवलं नाही. मग भरपाई म्हणून कंपनीकडून एक भेट आहे म्हणाला. तिच्या मुलीसाठी छोटं कंकण, गुलाबी.

“माझी मुलगी आठ वर्षांची आहे.”

“हो मॅडम, म्हणूनच. लवकर सुरुवात केली की माहिती छान जमते.”

प्रांजलनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापलेले होते. ती लाट नव्हती. लाटेला ती आता ओळखत होती. हे दुसरं होतं, आणि हे पाच मिनिटांत थंड होणार नव्हतं.

घरातलं बोलणं मात्र थंडपणे झालं. विजयाबाईंचं म्हणणं एवढंच, की औषध घ्यायला ना नाही, पण दोन आठवड्यांवर घट बसताहेत. नवरात्र होऊ दे. तसाही हात प्लास्टरमध्ये आहे, आणि डॉक्टरीण रक्त परत तपासणारच आहे. रणधीर जेवता जेवता म्हणाला, तीन वर्षं गेली तिथं महिन्यानं काय फरक पडतो? रणधीर वाईट माणूस नव्हता. मुलीची, ओवीची, वेणी घालायचा, प्रांजलला बाथरूममध्ये हाताला पिशवी बांधून द्यायचा. फक्त आईला आणि बायकोला एकाच वेळी खूश ठेवायचं म्हणून तो नेहमी एक महिना मागून घ्यायचा. प्रांजल थांबली. सवय.

नवरात्र झालं. प्लास्टर निघालं. दुसऱ्या तपासणीतही तेच निघालं. कागदावर औषधं लिहून मिळाली. आणि दसऱ्याचं सोनं अजून ताटात असतानाच विजयाबाई म्हणाल्या, की आता दिवाळी आलीच आहे, लक्ष्मीपूजन तेवढं स्वच्छपणे होऊ दे.

“आणि मग मार्गशीर्ष,” प्रांजल म्हणाली.

“मग मार्गशीर्षच की. त्यात काय एवढं? आम्ही नाही का सोसलं? चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी गेली. अंगाची नुसती लाही व्हायची. गच्चीवर जाऊन उभी राहायचे. कुणाला सांगितलं नाही कधी.”

“तुमची पाठ बघा, आई.”

विजयाबाई वाकल्या होत्या. गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्या, की फळीवरचा डबा काढायला त्यांना स्टूल लागायचं. घरात त्याला वय म्हणत. हे वाक्य प्रांजलनं जितक्या हळू म्हटलं तितकं ते लागलं. विजयाबाई उठून आत गेल्या, आणि त्या जाताना त्यांची पाठ सगळ्यांना दिसली, रणधीरलासुद्धा.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रांजल कामावर परत गेली. तिच्या कारखान्यात एक नियम होता : एका यंत्रावरच्या गिअरचं माप लागोपाठ तीनदा चुकलं, तर तपासणीवाल्यानं लाल बटण दाबायचं आणि लाईन थांबवायची. विचारायचं कुणाला नाही. त्या दिवशी दुपारी सात नंबरच्या यंत्राचा गिअर तिसऱ्यांदा बाद झाला. तिनं बटण दाबलं. अख्ख्या शेडमधला आवाज बसला. मॅनेजर आले, माप बघितलं, दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि निघून गेले. कुणी तिला म्हणालं नाही की दिवाळीची ऑर्डर जाऊ दे, मग थांबव. कुणी म्हणालं नाही की इतकी वर्षं चाललं तर अजून महिनाभर काय होतंय. लोखंडाच्या एका चाकाला जी वागणूक मिळत होती ती आपल्याला मिळत नाही, हे कळायला तिला छत्तीस वर्षं लागली होती. गौरी, नवरात्र, दिवाळी. तीनदा चुकलं होतं.

घरी जाताना तिनं औषधं घेतली. विजयाबाई समोर बसलेल्या असतानाच पाण्याचा पेला भरून आणावा इतक्या सहज बाथरूममध्ये गेली आणि पोटावर पट्टी चिकटवली. काडेपेटीएवढी, कातडीच्या रंगाची पट्टी. बाहेर येऊन तिनं सांगितलं, की औषध सुरू केलं. त्या दिवसापासून सासूसुनेचं बोलणं ओवीमार्फत व्हायला लागलं. आजीला सांग चहा झालाय. आईला सांग ठेव म्हणावं.

तीन आठवड्यांत वाफा विरळ झाल्या. एका सकाळी प्रांजलला जाग आली तर उजाडलेलं होतं, आणि आपण सलग झोपलो हे तिला एकदम कळेना, कुठंतरी काहीतरी चुकलंय असंच वाटलं. कार्तिकात पाळी आली. तिला वाटलं होतं आनंद होईल. बाथरूमच्या दाराला टेकून ती उभी राहिली आणि तिला भयंकर राग आला, की इतकं सोपं होतं. काडेपेटीएवढी पट्टी. ह्याच्यासाठी एक मणका दिला. ह्याच्यासाठी तीन वर्षं अंथरुणात नवऱ्याकडं पाठ करून पडलो आणि दोष आपलाच मानला.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी उद्यापन होतं. सात सवाष्णी जेवायला, पुरणपोळीचा नैवेद्य. केतकी त्यासाठी पुण्याहून मुद्दाम आली. आठ दिवस आधी विजयाबाई आपणहून प्रांजलशी बोलल्या. मेडिकलवाल्याला विचारलं होतं त्यांनी. ती जी रात्रीची गोळी आहे, ती चार दिवस जास्त घेतली तर पाळी तेवढी पुढं जाते. काही अपाय नाही म्हणे.

“नाही,” प्रांजल म्हणाली.

“चार दिवस गं फक्त.”

“आई, माझी चारच दिवसांची गोष्ट तीन वर्षं चालली.”

गुरुवारी सकाळी पाळी आली. प्रांजलनं घरात सांगितलं आणि सोफ्यावर बसून राहिली. स्वयंपाक केतकी आणि विजयाबाईंनी घेतला. संध्याकाळी बायका जमल्या, तेव्हा विजयाबाईंनी प्रांजलचा हात दुखतोय असं सांगून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या माने काकूंनी मायेनं चौकशी केली, की अजून हात बरा नाही का गं बाई, किती दिवस झाले.

प्रांजल गप्प बसू शकली असती. सगळं तोंडाशी येऊन परत गिळायची तिला उत्तम सवय होती.

“हात बरा आहे, काकू. मला पाळी आलीये.”

देवीच्या कलशासमोर, सात सवाष्णींच्या मध्ये, असं कुणी मोठ्यानं म्हणत नाही. एकीनं ओटीच्या तबकाकडं बघितलं, एकीनं पंख्याकडं. आतून विजयाबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, चारचौघींत काय हे.

“चारचौघींतच सांगायचं होतं,” प्रांजल म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं. हाक, ओ, लाल रेघ, करडा पट्टा, मणका. वाफांचं सांगितलं, रात्रीचं दुखतं तेही सांगितलं. आवाज चढवला नाही, पण एकही शब्द गिळला नाही. माझी पाळी येत नाही म्हणून इथंच बसून तुम्ही माझं कौतुक केलंत, ती म्हणाली. मी आजारी होते, आणि या घरात त्याला पुण्य म्हणत होते. माने काकू मान खाली घालून बांगड्या मागंपुढं करत होत्या. दोघीतिघींच्या हातात कंकण होतं. त्यांनी ते नकळत पदराखाली घेतलं.

केतकी हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, विजयाबाईंच्या मागं. एकोणतीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, हसरी मुलगी. ती हसत नव्हती.

“वहिनी,” ती म्हणाली, “माझी पण पाच महिने आलेली नाही. मी समजत होते, गोळीनंच.”

केतकीच्या हातातलं कंकण झाऱ्याच्या दांड्याला लागून किणकिणत होतं. प्रांजल सोफ्यावरून उठली, पण तिच्या आधी विजयाबाई वळल्या होत्या. त्यांनी धाकट्या सुनेकडं बघितलं, मग त्या कंकणाकडं. आपण स्वतः हौसेनं सूनमुखाच्या दागिन्यासारखं, नवी नवरी घरात आली त्या दिवशी, तिच्या हातात चढवलेलं कंकण. मग त्या कलशासमोरच्या पाटावर, जिथं सवाष्णीनं बसायचं तिथंच, खाली बसल्या. वाकलेली पाठ आणखी वाकली. कमरेचा मोबाइल काढून त्यांनी प्रांजलपुढं धरला.

“हे बंद कसं करतात ते दाखव.”

प्रांजलनं दाखवलं. तिचा राग गेला नव्हता, आणि तो गेल्याचं तिनं दाखवलंही नाही. कुटुंब-खातं, मग केतकीचं नाव, मग कमळ. विजयाबाईंनी अंगठा टेकवला. अंगठ्याला पुरण होतं, मोबाइलनं ओळखलं नाही. त्यांनी तो नेसत्या सोवळ्याच्या पदराला खसाखसा पुसला आणि परत टेकवला. पडद्यावर प्रश्न आला : सण संपवायचा आहे का?

“हो,” विजयाबाई मोबाइलला म्हणाल्या, जणू त्याला ऐकू येत होतं, आणि अंगठा दाबून धरला.

केतकीच्या लाल रेघेवरचा करडा पट्टा हळूहळू उठायला लागला. डावीकडून, एकेक महिना करत. केतकी येऊन खाली बसली, माने काकू चष्मा शोधत पुढं सरकल्या, आणि सगळ्या बायका त्या एवढ्याशा पडद्यावर वाकल्या.

आत गॅसवर पुरण लागल्याचा वास सुटला होता. कुणीच उठलं नाही.